मागच्या भिंतीवरचे दोन स्पीकर

निवृत्त झाल्यावर रेल्वेनं मला नारळ आणि शाल दिली. घरच्या स्टिरिओला हात लावू नकोस, एवढं एक वाक्य कोणी त्याच्यासोबत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कोणी सांगितलं नाही. मी कसाऱ्याहून सामान घेऊन घरी आलो आणि तिसऱ्याच आठवड्यात स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

मी सिग्नल खात्यात फिटर होतो. उभा जन्म वायरी जोडण्यात आणि तोडण्यात गेला, त्यामुळे वायरीच्या बाबतीत मला कोणी शिकवलेलं चालत नाही. हा स्वभाव बायकोला ठाऊक आहे, मुलीला ठाऊक आहे, आईला तर माझ्या जन्मापासून ठाऊक आहे. घरात आम्ही एवढेच चौघं. वडील चार वर्षांपूर्वी गेले. मी त्यांचा एकुलता एक आणि माझी मुलगीही एकुलती एक. घर शेणव्याच्या पुढं, रस्त्यापासून जरा आत, आजूबाजूला भाताची खाचरं. मुलगी कल्याणला नोकरीला, आटगावहून रोज जा-ये करते.

त्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा बदलापूरचा. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा व्याह्यांनी मला मुद्दाम सोफ्याच्या मधोमध बसवलं, पडदे ओढले आणि टीव्हीवर कुठला तरी मारामारीचा सिनेमा लावला. एक हेलिकॉप्टर आलं. ते पडद्यावर नव्हतंच, माझ्या पाठीमागून आलं. मी दचकून मान वळवून मागं बघितलं. मागं भिंत होती आणि भिंतीवर एक छोटा स्पीकर. व्याही पोट धरून हसले. "होम थिएटर आहे हो," म्हणाले. मीही हसलो, पण मनातून झोंबलं. सगळं सुरू झालं ते तिथून.

घरी येऊन मी आमच्या स्टिरिओसमोर बसलो. लग्नाआधी घेतलेला. जाडजूड अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर, एवढे मोठे की आईनं एके काळी त्यांच्यावर पापड वाळत घातले होते. आवाज अजून खणखणीत. मुलगी म्हणाली, "बाबा, ते भंगारात द्या आणि एक साउंडबार घ्या, पट्टीएवढा असतो." मी म्हटलं, पट्टी तुझ्याकडंच ठेव. जे आहे त्यालाच मी मागचा आवाज जोडून दाखवतो. बायको काहीच बोलली नाही. ती गप्प राहिली की समजायचं, तिला शेवट आधीच दिसलेला आहे.

शहापुरात एक जण दुकान बंद करत होता, त्याच्याकडून दोन छोटे स्पीकर आणले. ते लावायचे कुठं? मागच्या भिंतीलाच. पण मागच्या भिंतीला आईची खाट. मी खाटेच्या वर दोन खिळे ठोकले तशी आई उठून बसली.

"माज्या डोक्यावर काय टांगतोस?"

"स्पीकर."

"मला वाटलं माजा फोटोच लावतोस. हार आनलास का?"

आई ऐंशीच्या घरातली आहे. तोंड मात्र विशीतलं.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडं आवाज म्हटला की तो मांडवातला. मांडवाचा नियम असा, की जिथं माणूस तिथं स्पीकर. पुढं बसलेल्याला जेवढं ऐकू येतं तेवढंच मागं भांडी घासणारीला ऐकू आलं पाहिजे, नाहीतर ती रुसते. आवाज म्हणजे पंगतीतलं वाढप, सगळ्यांना सारखं. त्याच हिशेबानं मी पुढच्या स्पीकरच्या वायरींनाच मागचे दोन जोडून टाकले. बायको म्हणाली, सगळं तुमालाच, सैपाकघरानं काय पाप केलं? म्हणून जुन्या टीव्हीचा स्पीकर सैपाकघरात लावला. शेजारचा म्हणाला, पडवीत पण एक टाक की, आमी काय बाहेर बसून नुसती माणसं बघायची? पडवीतही एक टाकला. सगळे त्याच दोन वायरींवर. बटण दाबलं, घरभर सारखा आवाज झाला आणि गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत अ‍ॅम्प्लिफायरमधून वास यायला लागला. मग टप् झालं आणि सगळं गार.

एका अ‍ॅम्प्लिफायरवर किती भार टाकावा हे मला कळत नव्हतं असं नाही. सिग्नलच्या खांबावर अशी चूक केली असती तर साहेबानं उभा चिरला असता. पण घरात आलो की आमची अक्कल मांडवाची होते, त्याला इलाज नाही.

अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मुरबाडला गेलो. तिथं बाजारपेठेच्या मागं एक म्हातारा रेडिओवाला अजून बसतो. दुकानात निम्मे रेडिओ मेलेले आणि उरलेले बोलणारे, मधे हा. त्यानं झाकण काढलं, आत बघितलं, मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"किती जोडले होतेस?"

"सहा."

"बैल समजलास काय याला?"

त्यानं फ्यूज बदलला, जळालेलं काय ते काढून नवं टाकलं, कॅसेट डेकचा पट्टाही बदलून देतो म्हणाला. काम करता करता मला शिकवायला लागला. माझ्या अंगाची आग होत होती, पण गरज माझी होती.

"हे बघ," तो म्हणाला, "मागं पण तेच वाजवायचं असंल तर मागचे लावतोसच कशाला? मागं वेगळं आलं पाहिजे. मागच्या दोघांचे मायनस एकमेकांना बांध. अ‍ॅम्प्लिफायरच्या मायनसला हात लावू नको. एकाचा प्लस डाव्या प्लसला दे, दुसऱ्याचा उजव्या प्लसला. बस्स. नवीन मशीन नको, काय नको."

"मग काय ऐकू येईल?"

"डाव्या आणि उजव्यात जे सारखं असतं ना, ते मागं येत नाय. ते मधलं. एकमेकाला कापून टाकतं. जे एकाच बाजूला पडलेलं असतं, कडेला, तेवढंच मागून येतं."

मला हे पटलं नाही. तोंडावर म्हटलं नाही, पण एस.टी.त बसून येताना सगळा रस्ता मनातल्या मनात त्याच्याशी भांडत आलो. मायनस न जोडता करंट फिरणार कसा? घरी येऊन कागदावर आकृती काढली तेव्हा कळलं की म्हातारा बरोबर आहे. आणखी राग आला.

त्याच्या सांगण्याप्रमाणं जोडलं. सैपाकघर आणि पडवी यांना रजा दिली. एक जुनी कॅसेट लावली. पुढून गाणं झकास, मागून शुकशुकाट. मी खाटेवर चढून स्पीकरला कान लावला. काही नाही. म्हाताऱ्याला दोन सणसणीत शिव्या घातल्या. मग आठवलं, की ते गाणं जुन्या काळचं, दोन्हीकडं सारखंच भरलेलं. म्हणजे सगळंच मधलं. दुसरी, अलीकडची कॅसेट लावली आणि मागच्या भिंतीतून व्हायोलिनं निघाली. घुंगरू निघाले. गाणारा मात्र मागं अजिबात नव्हता, तो चहा प्यायला गेल्यासारखा गायब. मी खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो. पुढं गाणारा, मागं बाकीचा सगळा लवाजमा. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

टीव्हीची वायरही अ‍ॅम्प्लिफायरला दिली. सिनेमातल्या गाडीचा हॉर्न मागून वाजला तेव्हा बायकोनं जाऊन मागचं दार उघडलं. व्याह्यांना कधी बोलावतो असं मला झालं.

इथपर्यंतची गोष्ट एका रिकामटेकड्या माणसाची आहे. पुढची आईची आहे.

माझी आई धवलारीण. आमच्याकडं लग्नात हळदीच्या दिवशी मांडवात बायका धवळे म्हणतात. त्यात देवांना बोलावतात, गावदेवीला बोलावतात, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावतात, की लग्न आहे, या. हे म्हणणारी ती धवलारीण. ती पुढं बसून ओळ धरते आणि तिच्या बाजूला बसलेली दुसरी बाई ती झेलते, म्हणजे उचलून परत म्हणते. आईचा आवाज असा, की तिला माईकची गरज कधी पडली नाही. झेलायला असायची माझी आत्या, वडिलांची सख्खी बहीण. या दोघी नणंद-भावजया शहापूर-मुरबाडच्या कितीतरी मांडवांत एकत्र बसल्या. शेवटी यजमान धवलारणीला साडी देत आणि झेलणारीला खण. तशीच रीत.

अकरा वर्षांपूर्वी किन्हवलीकडच्या एका लग्नात यजमानांनी दोघींनाही साडी दिली. आई भर मांडवात बोलून गेली, "झेलनारीला कंदीपासून साडी?" आत्यानं साडी पाटावर ठेवली, चपला घातल्या आणि चालती झाली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. वडील गेले तेव्हा आत्या आली, भावाच्या पायाशी बसून रडली आणि आईकडं न बघता परत गेली. मी कधी मधे पडलो नाही. बायकांचं भांडण, आपण कशाला, असं म्हणत राहिलो. आता ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मुलीनं हट्ट धरला होता. "संध्याकाळी डीजे वाजू दे, पण सकाळी आजीचे धवळे पाहिजेत. नायतर मी हळद लावून नाय घेणार." आई खूश झाली. मी विचारलं, झेलायला कोण? "मी एकटी म्हननार," म्हणाली. "मला सगला येतो." आणि मग, जरा वेळानं, "तुज्या लग्नाची टेप हाय ना रे? लाव एकदा. देवांचा क्रम बघायचाय."

टेप होती. माझ्या लग्नात एका मित्रानं आखातातून आणलेला टू-इन-वन रेडिओ-टेप मांडवात ठेवून धवळे भरून घेतले होते. त्या यंत्राला दोन टोकांना दोन माईक होते. आई त्याच्या बरोबर समोर बसली होती आणि आत्या एका कडेला, परातीजवळ. ती कॅसेट मी वर्षानुवर्षं ऐकली होती. आईचा आवाजच सगळी टेप खाऊन टाकतो. आत्या त्यात आहे हे ठाऊक होतं, ऐकू मात्र कधी आली नव्हती.

दुपारची वेळ. बायको सैपाकघरात, मुलगी कामावर. आई तिच्या खाटेवर, भिंतीला टेकून. मी कॅसेट लावली. पुढच्या स्पीकरमधून आईचा तीस वर्षांपूर्वीचा आवाज आला, कोरडा आणि उंच. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, वाघोबाला बोलावलं. आई बोटांवर मोजत होती. मागून भांडी, पोरांचा कालवा, कोणीतरी कोणाला तरी पाणी मागतंय, असं चाललेलं. मला मजा वाटत होती. माझंच लग्न मला पाठीमागून ऐकू येत होतं.

मग धवळा घरातल्या गेलेल्या माणसांवर आला. पुढच्या स्पीकरमध्ये आई नाव घ्यायच्या जागी नुसताच "होऽऽ" असा लांब सूर लावत होती आणि मग "मांडवात ये रे" म्हणत होती. तो सूर मला पाठ होता. गाण्याची ती नक्षीच आहे अशी माझी समजूत. पण आज त्या सुराच्या वेळी आईच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून एक बारीक आवाज आला आणि त्यानं स्वच्छ माझ्या पणजोबांचं नाव घेतलं. पुन्हा "होऽऽ", आणि मागून आजोबांचं नाव. मग थोरल्या चुलत्याचं. एकेक नाव सुटं, नीट उच्चारलेलं. आत्याचा आवाज.

मी खुर्चीतून उठलो. आई मान वर करून त्या स्पीकरकडं बघत होती.

"ही आत्या ना?"

"मंग कोन?"

"नावं ती घेते?"

"मी कशी घेऊ?" आई म्हणाली. "सासऱ्याचं नाव मी घेऊ? आजेसासऱ्याचं? लोकांच्या घरी घेतली सगल्यांची. आपल्या घरात ती घ्यायची. ती या घरची लेक, तिला चालतंय. मी नुसता सूर धरायची, कोनाला कलू नये म्हनून."

मी विचार न करता बोललो, "मग या वेळी पण तसाच सूर धर. कोणाला कळणार नाही."

आईनं वळून माझ्याकडं बघितलं.

"तुज्या बापसाला कोन बोलवंल?" ती म्हणाली. "नातीचं लगीन हाय. त्यांनी मांडवाच्या भाइर उभं र्‍हायचं?"

टेप चालूच होती. मी ती बंद केली. म्हटलं, मी घेतो नाव, माझा तर बाप आहे. म्हणाली, बाप्यानं धवळा म्हणायचा नसतो. सुनेनं? सुनेला सासऱ्याचं नाव चालत नाही. नातीनं? ती नवरी, तिनं तोंड उघडायचं नाही. घरची लेक पाहिजे, आणि घरची लेक एकच उरलेली. आई हे सगळं आधीच मनात फिरवून बसली होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. टेप तिला देवांच्या क्रमासाठी नको होती. आपल्याला एकटीला निभावता येईल का, हे तिला बघायचं होतं. त्या दोन स्पीकरांनी तिला उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊवारी नेसून पडवीत उभी. "चल," म्हणाली. कुठं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आत्या सरळगावच्या पुढं राहते. मुलगा-सून कामाला गेलेले, ती अंगणात चिंचा फोडत बसलेली. तिनं मला बघितलं, माझ्यामागं आईला बघितलं आणि हातातली चिंच फोडून चिंचोका बाजूला टाकला.

"ये रे," मला म्हणाली. आम्ही बसलो. तिनं चहा ठेवला आणि आतून विचारलं, "तुज्या आयेला साकर चालतंय का, विचार."

आई मला म्हणाली, "चालतंय म्हनावं."

मी म्हटलं, "आत्या, चालते म्हणतेय."

असा चहा झाला. मी दोघींच्या मधे तारमास्तरासारखा बसलेलो. मग आईनं कप खाली ठेवला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलली.

"तुज्या भावाला मांडवात बोलवायचा हाय. मला नाव घेता येत नाय. तू चल."

आत्या चिंच फोडत राहिली. "झेलनारीची किंमत त्या दिवशी तूच केलीस ना? आठवतंय का?"

"आठवतंय. रोज आठवतंय."

"मंग?"

"मंग काय. चुकलं माजा."

आई हे बोलली, माझ्या कानांनी मी ऐकलं. ती असं वडिलांनाही कधी म्हणाली नव्हती. आत्यानंही बहुतेक अशी अपेक्षा केली नसावी, कारण तिचा हात थांबला.

"साडी आनली असशील," ती म्हणाली.

"नाय आनली. आनली असती तं बोलली असतीस, इकत घ्यायला आली."

आत्या हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून. मला म्हणाली, "बघ रे, हिचा तोंड काय बदलला नाय." मग विचारलं, एवढ्या वर्षांनी आजच कशी आठवण झाली. मी तिला स्पीकरचं सांगितलं. तिला वायरी-बियरी काही कळलं नाही, पण एवढं कळलं की माझ्या घरी भिंतीतून तिचा आवाज येतो. "माजा एकटीचा?" तिनं दोनदा विचारलं. "एकटीचा," मी म्हटलं.

लग्नाच्या चार दिवस आधी ती आली. पिशवी खाली ठेवली आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाली, लाव. दोघी त्या खाटेवर शेजारी बसल्या, डोक्यावर दोन स्पीकर. मी पुढचे स्पीकर बारीक केले की मागचेही बारीक होतात, म्हणून पुढच्यांच्या तोंडावर गोधड्या टाकल्या. म्हाताऱ्या रेडिओवाल्यानं हे बघितलं असतं तर पुन्हा बैल काढला असता. आत्यानं डोळे मिटून स्वतःला ऐकलं.

"किती बारीक हाय गो."

"बारीक हाय," आई म्हणाली, "पन सगली नावा सुटी हायेत."

ती दोघींची तालीम. व्याही त्याच दिवशी कपड्यांचं काही द्यायला येऊन गेले. त्यांना आवाज दाखवायचा राहून गेला. आठवलंसुद्धा नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात पाट मांडले. समोर परात, तांदूळ, नारळ. मुलगी हिरव्या साडीत खाली मान घालून बसलेली. पाठीमागं डीजेवाले त्यांची भलीमोठी खोकी रचत होते, त्यांना मी जरा थांबा म्हणून दटावलं. आईनं ओळ धरली. आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही, वर जाताना फाटतो, पण अजून मांडव भरतो. आत्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. गणपती आला, गावदेवी आली, वाघोबा आला. मी खांबाला टेकून उभा होतो आणि मला एवढंच वाटत होतं की हे लवकर सुरळीत पार पडावं.

मग दोघी गेलेल्या माणसांवर आल्या. आई "होऽऽ" म्हणून सूर लावायची आणि त्याच्याखाली आत्या नाव घ्यायची. आता मला ते ऐकू येत होतं, मांडवात दुसऱ्या कोणाला येत होतं की नाही ठाऊक नाही. पणजोबा. आजोबा. थोरले चुलते. मग आईनं पुन्हा सूर धरला आणि खालून नाव आलं नाही.

मी बघितलं. आत्याचं तोंड उघडं होतं. भावाच्या नावाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर दिसत होतं, पण आवाज फुटत नव्हता. डोळ्यांतून धारा लागलेल्या. आईनं सूर लांबवला. आणखी लांबवला. एकदा म्हणायला घेतलेला धवळा मधे तुटू द्यायचा नसतो, आणि आईच्या छातीत आता तेवढा दम नाही. तिनं गुडघ्यानं आत्याला ढोसलं. आत्यानं नुसती मान हलवली. बायकांची कुजबुज थांबली. मुलीनं मान वर केली.

तेव्हा आईनं वडिलांचं नाव घेतलं.

आमच्या घरात मी तिच्या तोंडून "तुजा बापूस" ऐकलं होतं, "ते" ऐकलं होतं, "अवो" ऐकलं होतं. मतदार यादीवाल्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तर ती मला पुढं करायची. दवाखान्यात नर्सनं विचारलं तेव्हा, वडील आत शेवटच्या घटका मोजत असतानासुद्धा, तिनं माझा दंड धरून मला ओढलं होतं. ते नाव ती आता भर मांडवात, भरलेल्या आवाजात, देवांना बोलावतात तसं एकेरीत म्हणाली, की मांडवात ये रे. मला रडू आवरलं नाही. आत्यानं तिचा हात घट्ट धरला.

धवळ्यात एका माणसाचं नाव एकदाच घ्यायचं असतं, मग पुढच्याचं. आई पुढं गेली नाही. तिनं दम घेतला आणि तेच नाव परत घेतलं.